कोल्हापूर सर्किट बेंच: पक्षकाराचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

आमची शेतीच्या वाटणीची मुंबई हायकोर्टात सेकंड अपील आहे, म्हणजे खालच्या कोर्टातल्या अपिलाच्या निकालावर परत केलेली अपील, वडलांपासून चाललीय. आधी प्रत्येक तारखेला मिरजेतनं रात्रीची महालक्ष्मी पकडायची, सकाळी सीएसटीला उतरायचं, फोर्टात चालत जायचं आणि परत रात्रीची गाडी. एका तारखेला दोन रात्री प्रवासात, वर जेवणखाण, कधी लॉज. आण्णांची सातबाऱ्यांची रेक्झिनची पिशवी बर्थवर उशाला घेऊन झोपायचो, चोरीला गेली तर काय म्हणून.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच हायकोर्टाचं बेंच चालू झालं. सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. परवा तासगावातनं सकाळच्या एसटीनं गेलो, पिशवी मांडीवर, भाकरी सोबत, आणि संध्याकाळी म्हशींच्या धारेला घरात हजर. वकीलसाहेबांशी समोरासमोर बसून कागद बघितले, मुंबईत हे सगळं फोनवरच व्हायचं. चाळीसेक वर्षं ज्या वकिलांनी आंदोलनं केली, काम बंद ठेवलं, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

आता एक स्टार का कापला ते सांगतो. सुरुवात एक डिव्हिजन बेंच (दोन न्यायमूर्तींचं) आणि दोन सिंगल बेंचवर (एकेका न्यायमूर्तींचं) झाली, म्हणजे चार न्यायमूर्ती, आणि जिल्हे सहा! कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. आमच्यासारखी सेकंड अपील सिंगलपुढं चालते पण जन्मठेपेची अपिलं, जनहित याचिका दोन न्यायमूर्तींपुढंच लागतात आणि तशी जोडी एकच असली की एक साहेब रजेवर गेले तरी तेवढं काम अडतं. अख्ख्या मुंबई हायकोर्टाची मंजूर पदं ९४, तीही सगळी भरलेली नाहीत, मग इथं जास्त देणार कुठनं? आधी ती पदं भरा, नाहीतर नुसतं अंतर कमी होईल, तारखा तेवढ्याच पडतील.

दुसरं, हे सर्किट बेंच आहे, कायम खंडपीठ नव्हे. मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मंजुरीनं काढलेल्या आदेशावर चालतं, कायमचं करायचं तर राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादला पण १९८१ ला असंच चालू झालं आणि १९८४ ला कायम झालं, मग आम्हाला का नको? कोल्हापुरातल्या शेंडा पार्कात जागा पण ठरलीय.

आणि जिल्ह्याच्या रेषेनं वाटणी केली हे मंडणगड-दापोलीच्या माणसाला सोयीचं नाही, त्याला मुंबईच जवळ. सोलापूरवाल्यांना पण कोल्हापूर काही शेजारी नाही. त्यांचा विचार व्हायला पायजे होता असं मला मनापासनं वाटतं.

बाकी आमच्या भागातल्यांना एकच सांगणं, जुनी केस मुंबईतनं इकडं आली का ते ऑनलाइन केस स्टेटसला बघा आणि वकिलांना विचारूनच निघा. आमची पुढची तारीख द्राक्षाच्या छाटणीत येतीय, पण आता एका दिवसाचंच काम आहे, त्यामुळं धाकट्या भावाला पण घेऊन जाणार, त्यानं अजून हायकोर्ट बघितलेलं नाही.