बाबांच्या कुरूपाचे 18,290 रुपये : पाटीवरच्या अक्षरांना भुलू नका

बाबांच्या तळपायाचं एक कुरूप काढायला 2024 मध्ये 18,290 रुपये मोजले. पॅकेज 15,500, वर 18 टक्के जीएसटी 2,790. पुढे जखम चिघळली आणि खऱ्या सर्जनकडे 41,600 गेले, ते वेगळेच.

पाटीवर ‘डॉ.’, खाली ‘पोडायट्रिस्ट, एफ.एच.पी. (यू.के.)’. पोडायट्रिस्ट म्हणजे पायांच्या विकारांचा तज्ज्ञ. पांढरा कोट, गोड बोलणं, भिंतीवर सोनेरी शिक्क्याचं लंडनचं सर्टिफिकेट. अशा वेळी अक्षरांची फोड कोण करत बसतं? बर्मिंगहॅमच्या मावसबहिणीने नंतर फोटो बघून सांगितलं : एफ.एच.पी. म्हणजे फूट हेल्थ प्रॅक्टिशनर, तिकडे हे नाव कुणीही लावू शकतं. पोडायट्रिस्ट किंवा (त्याचंच जुनं नाव) किरोपोडिस्ट म्हणवून घ्यायला मात्र एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते. ती यादी नेटवर फुकट दिसते. याचं नाव त्यात नाही.

मधुमेह आहे हे मीच सांगितलं. ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाला आणि ब्लेड उचललं. पायाला संवेदना आहे का, नाडी लागते का, काही बघितलं नाही. (शुगरवाल्यांनो, घरीसुद्धा ब्लेड नको आणि मेडिकलमधली कॉर्न कॅपही नको.)

आणि ती पावती! ‘ब्यूटी अँड वेलनेस सेवा’ असं स्वच्छ छापलेलं. डॉक्टरी उपचारांवर जीएसटी नसतो. माझं स्वतःचं दुकान आहे, रोज जीएसटीची बिलं फाडतो मी! पण बाबा लंगडत रिक्षाकडे निघालेले, त्यांना सावरायचं की पावती वाचायची? डॉक्टरने पावतीवर रजिस्ट्रेशन नंबर छापलाच पाहिजे, असं मेडिकल कौन्सिलचे 2002 चे नियम सांगतात. तो नंबर नसेल तर तिथूनच परत फिरा.

तक्रारीचं तर विचारूच नका. कौन्सिलवाले म्हणतात, ‘तो आमच्याकडे नोंदलेलाच नाही, कारवाई कशी करणार?’ अहो, नोंदलेला नाही हीच तर तक्रार आहे! पोलीस म्हणतात, आरोग्य विभागाचं पत्र आणा. आरोग्य विभाग म्हणतो, पोलिसांत जा. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम 1961, कलम 33 (नोंदणीशिवाय डॉक्टरकीला बंदी), असं अर्जात लिहून नेलं, तर कारकून मलाच विचारतो, ‘वकील आहात का?’ बाबांची पट्टी बदलायची सोडून मी या टेबलावरून त्या टेबलावर.

शेवटी ग्राहक आयोगात गेलो. त्या ‘डॉक्टर’चं लेखी उत्तर आलंय : आम्ही उपचार केलेच नाहीत, ब्यूटी सेवा दिली. पुरावा म्हणून माझीच पावती जोडलीय.