सिसिली की इस्तंबूल? पुस्तक वाचत खायला जायचं तर

कादंबरी वाचायची, ती जिथे घडते तिथे जायचं आणि पात्रं जे खातात तेच खायचं. अशा सहलीचा बेत असेल तर माझ्या मते निवड या दोन जागांमध्येच आहे.

इटलीच्या सिसिली बेटासाठी आंद्रेआ कामिल्लेरी. 1994 पासून आलेल्या त्यांच्या रहस्यकथांमधला इन्स्पेक्टर मोंताल्बानो पक्का खवय्या. जेवताना कुणी बोललेलं त्याला खपत नाही. एका कथेत तर तो प्रेयसीबरोबर पॅरिसला जायचं टाळतो, कारण काय, तर घरकाम करणाऱ्या आदेलीनाने केलेल्या आरांचिनी. भाताच्या गोळ्यात सारण भरून तळलेला हा प्रकार सिसिलीत सगळीकडे मिळतो. सारण बहुधा मटणा-मांसाचंच, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं. त्यांची खरी चंगळ पालेर्मोच्या रस्त्यांवर: हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, म्हणजे पानेल्ले, पावात घालून देतात. शिवाय वांग्याची आंबटगोड कापोनाता आणि कातानियाचा वांगी घातलेला पास्ता आला नोर्मा. उन्हाळ्यात तर सकाळी सकाळी ब्रेडबरोबर बर्फाळ ग्रानिता खातात!

अडचण फिरण्याची आहे. कथांमधलं विगाता हे गाव काल्पनिक. त्यामागे आहे कामिल्लेरींचं जन्मगाव पोर्तो एम्पेदोक्ले, पण टीव्ही मालिकेचं बरंचसं चित्रण झालं दूर रागुझाच्या बाजूला. दोन्हीकडे जायचं तर गाडी लागते, कारण बस-रेल्वेच्या भरवशावर अर्धा दिवस सहज जातो. पोर्तो एम्पेदोक्लेत पाहण्यासारखं तसं फार नाही, मात्र शेजारीच आग्रिजेंतोची ग्रीक मंदिरं आहेत.

इस्तंबूलला गाडीचा प्रश्नच नाही. ट्राम, फेरीबोट आणि पाय, एवढ्यावर भागतं. इथे ओऱ्हान पामुक. त्यांच्या कादंबऱ्यांत जेवणाचं कौतुक कामिल्लेरींइतकं नाही, पण एक पेय मात्र पानोपानी आहे. 'ए स्ट्रेंजनेस इन माय माइंड'चा नायक मेव्हलुत रात्री गल्लीबोळांतून ओरडत बोझा विकतो. आंबवलेल्या धान्याचं हे दाट पेय आपल्या आंबिलीच्या जवळचं, फक्त गोडसर. वरून दालचिनी आणि फुटाणे. किंचित मद्यांश असतो, पण मेव्हलुत गिऱ्हाइकांना सांगतो की नसतो! 1876 पासून चालू असलेल्या वेफा बोझाजिसी या दुकानात तो प्यायला मिळतो. मूळ हे थंडीतलं पेय, म्हणून बोझासाठी जायचं तर हिवाळा गाठा. सिसिली मात्र मे-जून किंवा सप्टेंबरमध्ये. ऑगस्टचं ऊन आणि गर्दी दोन्ही टाळलेली बरी.

शाकाहारी माणसाचं इस्तंबूलला अडत नाही: मसूर सूप, टोमॅटो घालून परतलेल्या अंड्यांचं मेनेमेन (अंडं चालत असेल तर), सारण भरलेली पातळ पोळी म्हणजे गोझलेमे, ऑलिव्ह तेलातल्या भाज्या, तीळ लावलेला कड्यासारखा पाव म्हणजे सिमित. तरी पोटाचाच विचार केला तर माझं मत सिसिलीला.

पुस्तकाचा विचार केला की पारडं फिरतं. 'द म्युझियम ऑफ इनोसन्स' या कादंबरीतला केमाल फ्युसुनच्या घरी आठ वर्षं रात्रीच्या जेवणाला जात राहतो आणि तिथल्या वस्तू गुपचूप गोळा करतो. चुकुरजुमा वस्तीतल्या एका जुन्या घरात पामुक यांनी 2012 मध्ये या वस्तूंचं, त्याच नावाचं संग्रहालय खरोखर उघडलं. आत शिरताच फ्युसुनच्या सिगारेटची 4,213 थोटकं भिंतीवर टाचलेली दिसतात. कल्पित पात्राच्या जेवणाच्या टेबलाजवळ इतकं नेणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही. सिसिलीत हा अनुभव ताटात मिळतो, भिंतीवर नाही.

पहिल्यांदाच जात असाल, गाडी चालवायची नसेल, तर इस्तंबूल घ्या. चारचौघं मिळून जात असाल आणि दुपारचं जेवण दोन तास चाललं तरी कुणाची तक्रार नसेल, तर सिसिली.

वाचनाचं वेळापत्रकही वेगळं ठेवा. कामिल्लेरींचं एक पुस्तक एका विमानप्रवासात संपतं, पामुक मात्र निघण्याआधी निम्मा तरी वाचून व्हायला हवा. आणि 'म्युझियम'ची प्रत छापीलच न्या. शेवटाकडे एका पानावर तिकीट छापलेलं आहे, दारात त्यावर शिक्का मारून आत सोडतात. किंडलवर शिक्का बसत नाही.