आर्काइव्ह: बावीस वर्षं शिकवणाऱ्या एका बाईचा अभिप्राय

आर्काइव्ह (arXiv) हे संशोधकांचे निबंध फुकट वाचायला ठेवणारं संकेतस्थळ. सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेपाचला तिथे नव्या निबंधांची यादी लागते. अमेरिकेतली घड्याळं थंडीत तासभर मागं गेली की तीच यादी साडेसहाला. तिकडे तेव्हा आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. गॅसवर चहाचं आधण ठेवायचं आणि तो उकळेपर्यंत शीर्षकं वाचायची, हा माझा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता आहे. शनिवार-रविवारी यादी नसते, आणि ते दोन दिवस मला सकाळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

मी नारायणगावजवळच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. परदेशी जर्नलांची वर्गणी आम्हाला कधीच परवडली नाही. एका प्रकाशकाच्या साइटवर बारा पानांच्या एका निबंधाला तीसेक डॉलर मागितले, तेव्हा मी मुकाट्यानं ते पान बंद केलं होतं. आर्काइव्हवर पैसे पडत नाहीत, वाचायला नावनोंदणी लागत नाही, एकही जाहिरात मध्ये येत नाही. भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, त्यातलाच रोबोट आणि माणूस यांच्या व्यवहाराचा अभ्यास, सगळं जगभरातल्या संशोधकांनी स्वतः आणून ठेवलेलं, बहुतेकदा जर्नलात छापून येण्याच्या आधीच. पॉल गिन्सपार्ग यांनी १४ ऑगस्ट १९९१ ला लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेतून ही सोय सुरू केली, तेव्हा ती ईमेलवर चालायची. २००१ मध्ये ती कॉर्नेल विद्यापीठात गेली. नावाच्या मधला एक्स हे खरं तर ग्रीक अक्षर ‘काय’, म्हणून उच्चार आर्काइव्ह.

रूप अगदी साधं. शीर्षक, लेखकांची नावं, सारांश, पीडीएफ. आणि सारांशाच्या खाली एक बारीक अक्षरातली जागा, जिकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही: आवृत्त्यांची नोंद. व्ही१ कधी आली, व्ही२ कधी, प्रत्येकीची तारीख आणि वेळ. लेखकांनी निबंध दुरुस्त केला तरी जुनी आवृत्ती जागेवर राहते, कुणीही उघडून वाचावी. माझ्या मते या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. ती मला कशी उमगली ते सांगते.

सप्टेंबर २०११ मध्ये न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांवरच्या ओपेरा प्रयोगाचा निबंध आला. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६०.७ नॅनोसेकंद आधी पोचतात, असा निष्कर्ष. सांख्यिकी त्रुटी ६.९, उपकरणांची आणि पद्धतीची त्रुटी ७.४. मी फळ्यावर मुलांकडून गणित करून घेतलं. दोन्ही त्रुटींचे वर्ग करून बेरीज, त्याचं वर्गमूळ साधारण १०.१, त्यानं ६०.७ ला भागलं की उत्तर सहा. सहा सिग्मा, म्हणजे फरक एकूण त्रुटीच्या सहापट! भौतिकशास्त्रात पाच सिग्माला शोध लागला असं मानतात. मी त्या दिवशी वर्गात ‘हे योगायोगानं घडणं जवळपास अशक्य आहे’ असं म्हणाले, आणि मुलं ते लिहून घेऊन गेली.

पुढं कळलं की जीपीएसचा संकेत मुख्य घड्याळापर्यंत नेणारी ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट घट्ट बसलेली नव्हती. जुलै २०१२ मध्ये त्याच निबंधाची व्ही४ आली: ६.५ नॅनोसेकंद, आणि एकटी सांख्यिकी त्रुटीच ७.४. म्हणजे फरक शून्य आहे असंच धरायचं. योगायोगाबद्दल मी जे बोलले ते खरंच होतं, आकडा योगायोगानं आलेला नव्हता. तो सैल जोडणीमुळे आला होता, आणि सैल जोडणी सिग्मात दिसत नाही. त्या बॅचला मी पुन्हा बसवून दोन्ही आवृत्त्यांच्या छापील प्रती शेजारी शेजारी ठेवल्या. निबंध तोच, शीर्षक तेच, आकडा दहाव्या हिश्शाच्या आसपास उतरलेला. तेव्हापासून दरवर्षी त्रुटींचा धडा मी याच दोन प्रतींवर शिकवते. पाठ्यपुस्तकात चूक सुधारली की जुनी चूक नाहीशी होते. इथे ती तारखेसकट समोर असते, आणि शिकणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

मागच्या वर्षी एका मुलीनं विचारलं, “मॅडम, फुकट आहे म्हणजे कुणी तपासलेलं नसणार ना?” प्रश्न रास्त आहे. स्वयंसेवक मॉडरेटर विषय बरोबर आहे का, मजकूर संशोधनाच्या पातळीचा आहे का एवढं बघतात. नव्या लेखकाला त्या विषयातल्या कुणाचा तरी दुजोरा लागू शकतो. पण निष्कर्ष खरा की खोटा हे तिथे कुणी ठरवत नाही, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. त्या मुलीला मी उत्तर न देता एक निबंध वाचायला दिला.

तो निबंध जून २०२३ चा. आमच्या कॉलेजच्या गच्चीवरून खोडदच्या दिशेनं जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. या दुर्बिणीनं घेतलेल्या पल्सारच्या, म्हणजे ठरावीक लयीत स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, नोंदी युरोपातल्या नोंदींना जोडून, अतिशय संथ गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, खूण शोधणारं हे काम. सारांशातच त्यांनी दोन उत्तरं दिली आहेत. सगळी, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांची माहिती घेतली तर पुरावा काठावरचा, खोटा इशारा असण्याची शक्यता ४ टक्के. फक्त अलीकडच्या, नव्या उपकरणांनी घेतलेल्या नोंदी घेतल्या तर तीच शक्यता ०.१ टक्का. जास्त माहितीत पुरावा कमजोर कसा, हा प्रश्न कुणीही विचारेल, आणि त्यांनी तो झाकून ठेवलेला नाही. चांगला आकडा तेवढा पुढं करता आला असता. मुलगी दोन दिवसांनी आली आणि म्हणाली, “मॅडम, हे तर स्वतःच स्वतःला तपासतायत.” मला फार बरं वाटलं. ज्या तबकड्या बघत ती लहानाची मोठी झाली, त्यांच्या नोंदींवरचा मूळ निबंध तिनं मोबाईलवर वाचला होता.

रोबोटिक्सच्या विभागात मी उशिरा शिरले. जानेवारी २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या ‘मोबाईल अलोहा’चा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर फिरत होता. दोन हातांचा, चाकांवरचा रोबोट कोळंबी परततोय, बशीत वाढतोय. नणंद म्हणाली, “वहिनी, आता स्वयंपाकाला बाई नको.” मी निबंध उघडला. हा रोबोट शिकवून घ्यायचा तर आधी एक माणूस कमरेनं त्याला बांधून घेतो, त्याच्या मागं उभा राहून चालतो आणि हातातल्या दांड्यांनी त्याचे हात हलवतो. बहुतेक कामांसाठी प्रत्येकी अशी ५० प्रात्यक्षिकं. मग यंत्र आपलं आपण प्रयत्न करतं. जुन्या, टेबलावरच्या कामांच्या नोंदी सोबत वापरल्या की यशाच्या प्रमाणात ९० टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते, असं सारांशात आहे. ‘पर्यंत’ या शब्दाखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आणि थेट तक्ता काढला: कुठल्या कामात किती, आणि किती वेळा करून बघितलं. व्हिडिओ बघून आपण थक्क होतो, तक्ता बघितला की नीट प्रश्न विचारता येतात. माणूस आणि रोबोट यांवरचे बरेच प्रयोग वीस-तीस जणांवर, तेही बहुधा विद्यापीठातल्याच मुलांवर केलेले असतात. आजीबाईंना औषध आणून देणाऱ्या यंत्राबद्दल त्यातून किती सांगता येईल, हे मी विद्यार्थ्यांना प्रत्येक वेळी विचारायला लावते.

उणिवा आहेत. यादी आता आवाक्याबाहेर वाढली आहे. ऑक्टोबर २०२४ या एका महिन्यात २४ हजारांवर निबंध आले. संगणकशास्त्रात तर आढावा घेणारे आणि मतप्रदर्शनाचे लेख इतके साचले, की ऑक्टोबर २०२५ अखेर आर्काइव्हनं नियम कडक केला: असा लेख आधी जर्नलानं किंवा परिषदेनं तपासून स्वीकारलेला हवा. मला हे पटलं. शोधाची सोय मात्र कामापुरतीच आहे, विषय माहीत नसेल तर नवख्या माणसाला ती फारशी वाट दाखवत नाही. आणि जवळपास सगळं इंग्रजीत. आमच्या मुलांना पहिले चार महिने सारांशाचं एकेक वाक्य फोडून सांगावं लागतं, त्याला इलाज नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी एकच विभाग धरावा. मी ‘स्टॅट डॉट एपी’ (stat.AP) हा उपयोजित संख्याशास्त्राचा विभाग रोज बघते, कारण त्यात पावसापासून दवाखान्यापर्यंतची खरी आकडेवारी असते. ‘सीएस डॉट आरओ’ (cs.RO) हा रोबोटिक्सचा विभाग फक्त शुक्रवारी, कारण तिथली यादी चहा गार झाला तरी संपत नाही. मोबाईलवर पीडीएफचं अक्षर बारीक दिसतं, म्हणून एचटीएमएलचं, म्हणजे साध्या वेबपानाचं, बटण दाबा. डिसेंबर २०२३ पासून बहुतेक नव्या निबंधांना ती सोय आहे, समीकरणंही बहुतेकदा नीट उमटतात. आणि निबंध उघडण्याआधी सारांशाच्या खाली उतरून बघा, तो कितव्या आवृत्तीवर आहे.