एंडपॉइंट प्रिव्हिलेज मॅनेजमेंट: पासवर्ड न देता अ‍ॅडमिन अधिकार

विंडोजमध्ये स्टँडर्ड युजरच्या (अ‍ॅडमिन अधिकार नसलेल्या) खात्यावर एखादा जुना प्रोग्रॅम अ‍ॅडमिन अधिकार मागून अडला, की बऱ्याचदा दोनपैकी एक पळवाट काढली जाते. युजरला थेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटात टाकतात, नाहीतर दुसऱ्या खात्यातून प्रोग्रॅम चालवणाऱ्या ‘रनअ‍ॅज’ कमांडला ‘सेव्हक्रेड’ (पासवर्ड साठवून ठेवणारा पर्याय) जोडून शॉर्टकट करून देतात. दुसरी वाट पहिलीइतकीच धोक्याची आहे. सेव्हक्रेडने साठवलेला पासवर्ड त्या एका प्रोग्रॅमपुरता नसतो. युजर तीच कमांड बदलून अ‍ॅडमिन खात्यातून हवं ते उघडू शकतो. शिवाय प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्येच (त्याच्या गरजा विंडोजला सांगणाऱ्या नोंदीत) अ‍ॅडमिन अधिकारांची सक्ती असेल, तर यूएसी (अधिकार वाढवण्याआधी विचारणारी विंडोजची सोय) चालू असताना रनअ‍ॅज बहुधा ७४० ही एरर देऊन थांबतं.

मायक्रोसॉफ्टने २०२३ साली इन्ट्यूनमध्ये (कंपनीचे संगणक दुरून सांभाळण्याच्या सेवेत) आणलेलं एंडपॉइंट प्रिव्हिलेज मॅनेजमेंट म्हणजे ईपीएम हा प्रश्न मुळापासून वेगळ्या तऱ्हेने सोडवतं. अधिकार युजरला नाही, फाइलला मिळतात. युजर फाइलवर राइट-क्लिक करून ‘रन विथ एलिव्हेटेड अ‍ॅक्सेस’ निवडतो आणि प्रोग्रॅम एका स्वतंत्र व्हर्च्युअल खात्यातून चालतो. कुठलाच पासवर्ड कुणाच्या हाती जात नाही.

मांडणीला दोन पॉलिसी लागतात. एलिव्हेशन (म्हणजे अधिकार वाढवणं) सेटिंग्जच्या पॉलिसीने संगणकावरचा एजंट, म्हणजे ईपीएमचं काम करणारा छोटा प्रोग्रॅम, चालू होतो. तिथे नियमात न बसणाऱ्या फाइलींसाठी ‘सर्व विनंत्या नाकारा’ हेच ठेवावं. दुसऱ्या पॉलिसीत प्रत्येक प्रोग्रॅमचा नियम. ‘ऑटोमॅटिक’ प्रकार मोहात पाडतो, पण त्यात युजरला काही विचारलंच जात नाही, म्हणून तो अगदी मोजक्या फाइलींसाठी राखून ठेवावा. ‘युजर कन्फर्म्ड’मध्ये कारण लिहायला लावता येतं आणि युजरची स्वतःची विंडोज ओळखही पुन्हा तपासता येते. रोजच्या कामाला हाच प्रकार बरा.

खरी कसोटी फाइल ओळखण्यात आहे. नियमाला फाइलचा हॅश (फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) द्यावा लागतो किंवा प्रकाशकाचं सर्टिफिकेट (त्याच्या डिजिटल सहीचा दाखला). हॅश पक्का, पण प्रोग्रॅमचं अपडेट आलं की हॅश बदलतो आणि नियम त्याच दिवशी निकामी होतो. सर्टिफिकेट अपडेटनंतरही टिकतं, मात्र नुसतं तेवढंच दिलं तर त्या प्रकाशकाची सही असलेल्या भलत्याच फाइलीही आत शिरतात. म्हणून सर्टिफिकेटसोबत फाइलचं नाव, प्रॉडक्टचं नाव, किमान आवृत्ती आणि फोल्डरचा मार्ग भरावा, आणि तो फोल्डर स्टँडर्ड युजरला लिहिता न येणारा असावा. ही सगळी माहिती हाताने शोधत बसायची गरज नाही; एजंटसोबत येणारी ‘गेट-फाइलअ‍ॅट्रिब्यूट्स’ ही पॉवरशेल कमांड ती काढून देते.

चाइल्ड प्रोसेसची (एका प्रोग्रॅमने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग मात्र दुर्लक्षित राहते, आणि छिद्र तिथेच पडतं. अधिकार मिळालेल्या प्रोग्रॅममधून कमांड प्रॉम्प्ट उघडता आला, तर तोही अ‍ॅडमिन होऊ शकतो. नेहमीच्या प्रोग्रॅमच्या चाइल्ड प्रोसेसना अधिकार नाकारावेत. इन्स्टॉलरला नाकारले तर तो अर्ध्यावर बंद पडू शकतो, कारण तो बऱ्याचदा टेम्प फोल्डरमध्ये दुसरी फाइल सोडून तीच चालवतो. आणि एवढं करूनही एक फट उरते: ‘फाइल ओपन’च्या खिडकीतून फाइली पुसता येतात, त्यांची नावं बदलता येतात. हे काम त्याच प्रोसेसमध्ये होत असल्याने चाइल्ड प्रोसेसचा नियम ते अडवत नाही. ज्या प्रोग्रॅममध्ये अशी खिडकी आहे, त्याला अधिकार देताना दहा वेळा विचार करावा.

व्हर्च्युअल खात्यामुळे आणखी एक अडचण येते. प्रोग्रॅमला युजरची मॅप केलेली ड्राइव्ह (नेटवर्कवरचा जोडून दिलेला फोल्डर) दिसत नाही आणि सेटिंग्ज दुसऱ्याच प्रोफाइलमध्ये साठतात. अशा प्रोग्रॅमसाठी ‘एलिव्हेट अ‍ॅज करंट युजर’ हा पर्याय आहे, पण त्यात प्रोग्रॅम युजरच्याच खात्यातून चालतो, म्हणून वेगळ्या खात्याचं संरक्षण कमी होतं.

लायसन्स इन्ट्यूनच्या मूळ लायसन्सहून वेगळं घ्यावं लागू शकतं. घेण्याआधी प्रोग्रॅमला अधिकार खरोखर लागतात का, ते पाहावं. कंपॅटिबिलिटी लेयर ‘रनअ‍ॅजइन्व्होकर’ (युजरच्याच अधिकारात चालवणारी सेटिंग) ठेवून प्रोग्रॅम सुरू करावा आणि प्रोसेस मॉनिटरमध्ये (प्रोग्रॅम कुठे वाचतो-लिहितो ते दाखवणाऱ्या साधनात) ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ एवढ्याच नोंदी पाहाव्यात. प्रोग्रॅम फक्त स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये किंवा एखाद्या रजिस्ट्री कीमध्ये (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या कप्प्यात) लिहायला अडत असेल, तर तेवढ्या जागेला लिहिण्याची परवानगी दिली की काम होतं. मात्र ज्या फोल्डरमध्ये प्रोग्रॅमच्या ईएक्सई किंवा डीएलएल फाइली आहेत, त्याला ती परवानगी कधीही देऊ नये.