जुनी पिकअप घेताय? टोकन देण्याआधी मागच्या हौसिंगचा प्लग उघडायला लावा

सेकंड हँड गाड्यांच्या बाजारात काय काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. मागे फिरवलेला मीटर, पुट्टी मारून रंगवलेली केबिन, इंजिनात घट्ट ऑइल. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. हे सगळं मी तपासलं होतं. चेसिस नंबर जुळवला, कर्जाचा बोजा उतरलाय का ते पाहिलं, जुनी चलनं पाहिली, ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला. तरीही मला गंडवलं, कारण खोट होती मागच्या हौसिंगमध्ये, डिफरन्शियलच्या आत, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यात. तिथे बाहेरून लोखंडाच्या बंद गोळ्याशिवाय काहीच दिसत नाही.

गाडी ४,६५,००० ला ठरली. २५,००० टोकन, ९०,००० रोख, बाकी ३,५०,००० फायनान्स. ११,७९३ चा हप्ता, ३६ महिने. ट्रान्सफरचे म्हणून एजंटने ८,५०० वेगळे काढले. आकडे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे एका साहेबांनी याला 'किरकोळ व्यवहार' म्हटलं.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं फिरतं. मी मोबाइलचा टॉर्च लावून गाडीखाली वाकलो होतो. सगळी हौसिंग ताज्या काळ्या रंगात रंगवलेली. ऑइल भरायच्या प्लगचे कोपरे मात्र पान्याने घासून चकाकत होते आणि प्लगच्या कडेने रंगाला चीर गेली होती. म्हणजे रंग मारून झाल्यावर कुणीतरी तो प्लग उघडला होता. मी विचारलं. डीलर लगेच म्हणाला, "सर्व्हिस केली दादा, नवीन ऑइल टाकलंय, खर्च माझा." मला बरं वाटलं! विकायला काढलेल्या गाडीच्या मागच्या हौसिंगमध्ये स्वतःच्या खिशातून नवीन ऑइल कोण टाकतं? ज्याला आवाज दाबायचा असतो तो. त्याच वेळी "ऑइल नवीन आहे ना, मग थोडं काढून दाखवा" एवढं म्हणायचं होतं. पण तुम्हीच सांगा, माणूस सरळ उत्तर देतोय, बिल दाखवतो म्हणतोय, अशा वेळी कोण म्हणणार? (ते बिल आजपर्यंत दाखवलेलं नाही.)

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जादा पाटा घातलेला होता, तोही मी पाहिला होता. जादा पाटा म्हणजे गाडीने ओव्हरलोड ओढलाय आणि ओव्हरलोडचा मार क्राऊन-पिनियनवर (डिफरन्शियलमध्ये फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी गिअरची जोडी) बसतो. पण रस्त्यावरच्या कितीतरी पिकअपना जादा पाटा असतो. त्यावरून कुणी व्यवहार मोडत नाही, मीही मोडला नाही.

"मेकॅनिक नेला होता तर त्याला कळलं कसं नाही?" असं ज्याला त्याला विचारावंसं वाटतं. कसं कळणार? गाडी रिकामी, चक्कर गावातली, वेग चाळिशीच्या आत आणि डीलर शेजारी बसून नवीन सिस्टीमवर गाणी लावतोय. डिफरन्शियल बोलतं ते लोडवर आणि वेगात. एक चाचणी मी आता प्रत्येकाला सांगतो. सरळ, मोकळ्या, सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये पन्नास-साठने चालवा, ॲक्सिलरेटर दाबा आणि सोडा. दाबल्यावर 'घूंऽऽ' येऊन सोडल्यावर सूर बदलला की समजा क्राऊन-पिनियनमध्ये गडबड आहे. मग न्यूट्रल करा. इंजिनाचा वेग खाली उतरला तरी आवाज चाकांच्या वेगाबरोबर चालूच राहिला, तर तो इंजिनाचा नाही, बहुधा मागचाच आहे. आणि गाणी बंद करायला लावा.

पहिल्यांदा पूर्ण लोड टाकला आणि घूंऽऽ सुरू झालं. पुढे-मागे गिअर बदलताना मागून खट्ट असा दणका यायला लागला. डीलरला फोन केला तर म्हणाला, "आपल्या माणसाकडे दाखवा, मी सांगतो त्याला." त्याच्या 'आपल्या माणसाने' सील, ऑइल, लेबर असं कच्च्या चिठ्ठीवर लिहून ६,२०० घेतले. आवाज खरंच बंद झाला. तिथे काय केलं होतं ते नंतर कळलं. डीलरने सांगितलेल्या गॅरेजमध्ये गाडी नेऊ नका. पुरावा मिटवायचे पैसे तुमच्याकडूनच घेतले जातात.

खंबाटकी चढताना कडाड झालं. इंजिन रेस होतंय, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंतचा दांडा) फिरतोय आणि गाडी जागची हलत नाही, उलट मागे सरकायला लागली. मागे फरशीचा लोड आणि त्यामागे गाड्यांची रांग. क्लीनरने उडी मारून चाकाला दगड लावला म्हणून निभावलं. क्रेनचे ४,८०० गेले, माल दुसऱ्या गाडीत भरून पोचवायला ३,७००.

या वेळी मी माझ्या पसंतीच्या गॅरेजमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर हौसिंग खोलायला लावली. जे बाहेर आलं ते ऑइल नव्हतंच, काळा जाड रबडा होता. मिस्त्रीने चिमटीत घेऊन चोळला तर बोटांवर तंतू राहिले. लाकडाचा भुसा! १४० नंबरचं घट्ट ऑइल आणि त्यात भुसा. झिजलेल्या दातांमधल्या फटीत तो गादीसारखा बसतो आणि आवाज दाबतो. गाडी तापली की ऑइल पातळ होतं, भुसा करपतो आणि बेअरिंगला ऑइल पोचू देत नाही. क्राऊनचे दात उष्णतेने निळे पडलेले, पिनियनचे काही मुळातून उडालेले. त्याहून वाईट म्हणजे क्राऊनवरचा नंबर वेगळा आणि पिनियनवरचा वेगळा. हे दोन्ही भाग कारखान्यात एकमेकांवर बसवून जोडीने तयार होतात, म्हणून बदलायचे तर जोडीनेच बदलतात. इथे कुणीतरी दोन भंगार जोड्यांतला एकेक तुकडा बसवून वेळ मारून नेली होती.

क्राऊन-पिनियन १४,२००, बेअरिंग आणि सील ७,८५०, आतल्या स्टार गिअरसह कॅरिअर ११,६००, मजुरी ६,५००, ऑइल १,३५०. झाले ४१,५००. क्रेन, माल हलवणं आणि ते आधीचे ६,२०० धरून ५६,२००. गाडी उभी होती त्या काळातला बुडालेला धंदा यात नाही, हप्ता मात्र चालूच होता.

डीलर म्हणाला, "लोखंडी वस्तू आहे दादा, कधी जाईल सांगता येतं का? तुम्हीच ओव्हरलोड केली असेल." माझ्याकडे त्या दिवसाची काट्याची पावती आहे, वजन पासिंगच्या, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या वजनाच्या, आत आहे. काट्याची पावती कधीही फेकू नका. त्यावर त्याने सहीचा कागद पुढे केला: 'गाडी जशी आहे तशी, चालवून पाहून पसंत.' हा कागद सगळ्यांकडूनच सही करून घेतात.

पोलीस ठाण्यात तो कागद बघितला आणि विषय संपला. "दिवाणी बाब आहे, ग्राहक कोर्टात जा." मी म्हणालो, साहेब, भुसा आपोआप आत जात नाही, जाणूनबुजून दोष लपवून पैसे घेतलेत. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १७ माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकण्याला फसवणूकच म्हणतं, आणि फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. ऐकून घ्यायला कुणी तयार नाही. अर्जाच्या माझ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारायलाही नकार! शिक्का मारायला यांचं काय जात होतं? ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर हुज्जत घालू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. मी पाठवली. ती चौकशीसाठी फिरून त्याच ठाण्यात आली आणि त्याच साहेबांनी मला बोलावून पुन्हा तेच वाक्य ऐकवलं.

आरटीओत गेलो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. या डीलरकडे ते आहे का, एवढाच माझा प्रश्न. एका खिडकीवरून दुसरीकडे, तिथून जेवणाची सुट्टी, तिथून "आमचं काम ट्रान्सफरपुरतं." शेवटी "माहिती अधिकारात विचारा." विचारलं, १० रुपयांचा स्टॅम्प लावून. उत्तर आलं ते 'माहिती संकलित करण्यात येत आहे.' फिटनेस सर्टिफिकेट तर नुकतंच झालेलं होतं! ती तपासणी करताना हौसिंग कुणी खोलत नाही, त्यामुळे फिटनेसच्या कागदावर विसंबून गाडी घेऊ नका.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मिळाला, मग 'समोरच्या पक्षाकडून प्रतिसाद नाही' म्हणून ती बंद झाली. प्रतिसाद दिला नाही की सुटका, हे डीलरला बरोबर माहीत असतं.

सगळ्यात जास्त संताप आला तो जिल्हा ग्राहक आयोगात. टेबलावरच्या माणसाने कागद न वाचताच सांगितलं, "पिकअप म्हणजे धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक होत नाही." अनेक जण इथूनच परत जातात. जाऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७), त्याखालचं स्पष्टीकरण वाचा. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक कारणासाठी' धरली जात नाही. मी गाडी स्वतः चालवतो, एकच गाडी आहे, घर तिच्यावर चालतं. हे तीन मुद्दे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा, लायसन्स आणि बँकेचे हप्ते जोडा. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही. माझी तक्रार दाखल करून घेतली.

नंतर डीलरचा फोन आला. १०,००० देतो म्हणाला, सोबत 'माझी काही तक्रार नाही' असा टाइप केलेला कागद. मी सही केली नाही.

खरेदीच्या वेळी ड्रेन प्लग काढून ऑइल पांढऱ्या कागदावर पाडा. प्लगला चुंबक असेल तर त्यावर बारीक करडा लेप चालतो, कपच्या किंवा तुकडे चालत नाहीत. तंतू दिसले तर बोलणंच थांबवा. मागचे दोन टायर एका मापाचे आहेत का तेही बघा. माप वेगळं असेल तर डिफरन्शियलचे आतले गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात. प्लग उघडायला जो नकार देईल त्याच्याकडून गाडी घेऊच नका, कितीही स्वस्त असो.

माझी केस सुरू आहे. डीलरच्या वकिलाने पुन्हा मुदत मागितली आणि मिळाली. मोडकी क्राऊन-पिनियन, भुशाच्या ऑइलची सीलबंद बाटली, खोलतानाचा व्हिडिओ आणि मिस्त्रीचं सही-शिक्क्याचं पत्र माझ्याकडे आहे. तुमची हौसिंग अशी निघाली असेल तर जुने पार्ट गॅरेजवाल्याला भंगारात देऊ नका आणि डीलरच्या 'बघू, करू' वर थांबू नका. आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि तो ती मुदत संपण्याचीच वाट बघत असतो.