भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण: स्थानिक संस्थेच्या सेवेचा आढावा

नागपूर शहराच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या ले-आऊटमध्ये (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत) स्थानिक संस्थेने भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरण केले. सेवेला शुल्क नाही. तक्रार कार्यालयात लेखी द्यावी लागते आणि पोच आपणच मागून घ्यावी लागते.

पकडणाऱ्या पथकाचे काम मला मनापासून आवडले. तारेचा फास किंवा चिमटा कोणाच्याही हातात नव्हता. कुत्री जाळीने आणि हातांनी धरली गेली. पिलांना पाजणारी कुत्री पथकाने सोडून दिली, तेव्हा गच्चीवरून बराच आरडाओरडा झाला. परंतु प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे पिलांचे दूध सुटेपर्यंत तिला उचलता येत नाही आणि सहा महिन्यांखालील पिलांवर शस्त्रक्रियाही करता येत नाही. पथकातील माणसे हे न चिडता सांगत राहिली. परत आलेल्या कुत्र्यांच्या जखमा सुकलेल्या होत्या आणि ओळखीसाठी कानाला खाच दिलेली होती.

घोळ झाला तो सोडताना. पकडल्याची जागा, तारीख आणि वेळ नोंदवून कुत्र्याला त्याच जागी सोडावे, असा नियम आहे. आमच्याकडची काही कुत्री मात्र मोठ्या रस्त्यावरील लग्नाच्या लॉनजवळ उतरवली गेली, जिथे कुत्र्यांच्या दुसऱ्या टोळीचे राज्य आहे, आणि त्यानंतर रात्रीच्या भांडणांनी त्या बाजूच्या लोकांची झोप उडाली. चौकशी केल्यावर कळले की नोंदवहीत फक्त ले-आऊटचे नाव होते. एकाच नावाचे दोन ले-आऊट असणे आपल्याकडे काही नवलाचे नाही! आपली हद्द सुटलेले कुत्रे बिथरते आणि रिकाम्या झालेल्या हद्दीत निर्बीजीकरण न झालेली नवी कुत्री शिरतात, म्हणजे केलेली मेहनत वाया जाते.

त्याहून मोठी उणीव अशी की संपूर्ण काम तक्रारीवर चालते. ज्या गल्लीने अर्ज दिला तिथे गाडी आली. शेजारच्या गल्लीने दिला नाही, म्हणून तिथली कुत्री जशीच्या तशी राहिली. रेबीजचा प्रसार थांबवायचा तर परिसरातील सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळालेली असावी लागते, आणि हे प्रमाण तक्रारींच्या हिशोबाने कधीच गाठले जाणार नाही. शिवाय लस पुन्हा द्यावी लागते, पण कानाची खाच फक्त शस्त्रक्रिया झाल्याचे सांगते, लस केव्हा टोचली हे सांगत नाही. पुढच्या लसीकरणाविषयी विचारले असता कार्यालयात कोणालाही उत्तर देता आले नाही.

कुत्री परत आली म्हणून सेवाच निकामी ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशानुसार निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर कुत्र्यांना त्यांच्याच भागात सोडायचे आहे. रेबीजग्रस्त, तशी शंका असलेली आणि आक्रमक कुत्री तेवढी वगळली आहेत. शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्र्यांना मात्र तिथे परत सोडू नये, असे 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात आहे. त्यामुळे शाळेच्या आवारातील कुत्र्यांसाठी वेगळा अर्ज द्यावा.

ऑगस्टच्याच आदेशात प्रत्येक वॉर्डात खाऊ घालण्याची जागा ठरवून देण्यास सांगितले आहे. आमच्याकडे ती अजून ठरलेली नाही. खाऊ घालण्याचा वाद नागपूरला नवा नाही. कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ती दत्तक घ्यावीत, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2022 मध्ये म्हटले होते आणि त्या भागाला पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्या दोन-चार कुटुंबांवर सगळा राग निघतो, पण लग्नसराईत लॉनमागच्या मोकळ्या प्लॉटवर टाकल्या जाणाऱ्या उरलेल्या अन्नाबद्दल कोणी बोलत नाही. पशू विभाग आणि कचरा उचलणारा विभाग यांचा या बाबतीत एकमेकांशी संबंध दिसला नाही.

पाचपैकी तीन गुण देतो, आणि त्यातला मोठा वाटा पथकाचा आहे. अर्ज करणाऱ्यांनी प्लॉट क्रमांक, जवळची खूण, कुत्र्याचा रंग आणि शक्य असल्यास छायाचित्र जोडावे, शेजारच्या गल्ल्यांच्या सह्या सोबत घ्याव्यात आणि गाडी आली की नोंदवहीत नेमकी जागा आपल्यासमोर लिहून घ्यावी.