जिवाणू खताच्या तीन बाटल्या आणि आमचे वावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भारी काळ्या वावरात यंदाच्या खरिपाला मी द्रवरूप जिवाणू खतांचा तीन बाटल्यांचा संच वापरला. पहिल्या बाटलीत सोयाबीनचे रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतले नत्र, म्हणजे नायट्रोजन, बांधणारे जिवाणू), दुसरीत स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू आणि तिसरीत 'मेलेली माती जिवंत करणारे' असे ठळक अक्षरांत छापलेले संमिश्र द्रावण होते. तालुक्याच्या कृषी केंद्रात तिन्ही मिळून साडेसातशे रुपये पडले. उत्पादकाचे आणि दुकानाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी मोठी तक्रार साठवणुकीची आहे आणि ती त्या एकट्या दुकानापुरती नाही.

बाटल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतल्या, तेव्हा त्या पत्र्याच्या छपराखालच्या सर्वांत वरच्या फळीवर होत्या आणि हात लावला तर कोमट लागत होत्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, मग त्या पत्र्याखाली काय होत असेल याचा विचार ज्याचा त्याने करावा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे द्रवरूप जिवाणू खतात दर मिलिलिटरला किमान 10 कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. वेष्टनावर तो आकडा होता, मुदतही सात महिने शिल्लक होती. परंतु ही मुदत सावलीत आणि गारव्यात ठेवलेल्या बाटलीची असते. त्यातच दुकानदाराने सल्ला दिला, "भाऊ, बुरशीनाशक अन् हे एकाच घमेल्यात कालवा, काई होत नाई." माणूस सज्जन आहे, तारीख त्याने स्वतः दाखवली, पण हा सल्ला चुकीचा आहे. बुरशीनाशक आधी लावून बियाणे सुकू द्यायचे आणि जिवाणू अगदी शेवटी, पेरणीच्या तोंडावर, सावलीत चोळायचे, हा क्रम मोडला तर बाटलीचे पैसे घमेल्यातच बुडाले असे समजावे.

आता बाटलीत नेमके काय येते, याचा हिशेब मांडून पाहू. 250 मिलिलिटरच्या बाटलीत आदेशाप्रमाणे किमान 2,500 कोटी पेशी असल्या पाहिजेत. आकडा डोळे दिपवणारा आहे, परंतु सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्येच शंभर कोटींच्या आसपास जिवाणू असतात, तेही हजारो प्रकारांचे. म्हणजे संख्येचाच प्रश्न असेल, तर धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) पळसाखालची मूठभर माती ही बाटलीच्या तोडीची ठरते, आणि तिच्यात बुरशी, सूत्रकृमी, कोळ्यांच्या जातीचे बारीक किडे असा सगळा गोतावळा वरकड मिळतो. त्यामुळे बाटलीचे मोल संख्येत नसून नेमका पाहिजे तो जिवाणू नेमक्या बियाण्याला चिकटवण्यात आहे. ही गोष्ट लक्षात घेतली की तीन बाटल्यांना एकच शेरा का देता येत नाही, हेही कळते.

रायझोबियमच्या बाटलीने पैसे वसूल केले, पण एकाच तुकड्यात. हा तुकडा आजवर कपाशीखाली होता आणि तिथे सोयाबीन पहिल्यांदाच पेरले. सोयाबीन हे मुळात आपल्या मातीतले पीक नसल्यामुळे त्याच्या गाठी करणारा जिवाणू अशा जमिनीत सहसा नसतो. तुरीचे तसे नाही, तिला गाठी देणारे जिवाणू आपल्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मी बारा तास (ओळी) जिवाणू न लावता पेरले होते. बेचाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची दहा-दहा झाडे, न ओढता, कुदळीने मातीच्या ढेपेसकट काढली आणि त्या ढेपा बादलीतल्या पाण्यात हळूहळू विरघळू दिल्या. जिवाणू लावलेल्या झाडांच्या सोटमुळावर, अगदी खोडाच्या बुडाशी, वाटाण्याहून लहान अशा टणक गाठींचा घोस होता. एक गाठ नखाने चिरली तर आतून कच्च्या मांसासारखी गुलाबी निघाली. हा रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा असतो आणि गाठ खरोखर नत्र बांधत असल्याची ती खूण आहे. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती गाठ कामाची नाही. न लावलेल्या तासांत गाठी मोजक्याच, त्याही कडेच्या मुळ्यांवर विखुरलेल्या होत्या. पलीकडच्या वावरात मात्र वर्षानुवर्षे सोयाबीनच होते आहे, तिथे लावलेल्या आणि न लावलेल्या झाडांत मला काहीच फरक दिसला नाही, कारण तिथे तो जिवाणू आधीच ठाण मांडून बसलेला आहे. उताऱ्याचे आकडे मी देत नाही. परतीच्या पावसाने शेंगा भिजल्या, त्या हिशेबाला अर्थ उरला नाही.

स्फुरदाच्या बाटलीबद्दल थोडक्यात सांगतो. आमच्या मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) 8.1 आहे, तिच्यात चुनखडी आहे आणि टाकलेले स्फुरद त्या चुन्याशी बांधले जाते. हे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून ते सोडवतात खरे, पण चुनखडी तीच आम्ले गिळून टाकते. कपाशीत मला फरक जाणवला नाही.

तिसऱ्या बाटलीवर मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिचा दावाच मोठा आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरच्या सजीवांच्या सुमारे 59 टक्के प्रजाती मातीत राहतात. एवढे मोठे बिऱ्हाड एका बाटलीने वसत नाही, आणि आमच्या माळरानासारखी उघडी पडलेली मातीही 'मेलेली' नसते. ती उपाशी असते. जिवाणूंच्या विविधतेवर सर्वांत मोठा प्रभाव सामूचा असतो, हे उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या मातींच्या 2006 च्या एका अभ्यासात पुढे आले होते. त्यात आम्लधर्मी मातीत विविधता सर्वांत कमी आणि उदासीन मातीत सर्वांत जास्त आढळली. त्या मापाने आमची काळी माती काही वाईट घर नाही. अडचण अन्नाची आणि हवापाण्याची आहे. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) धुऱ्यावर पेटवली जाते, गोठा रिकामा झाल्यापासून उकिरडाही आटला आहे, उन्हाळाभर वावर उघडे पडून भेगाळते, आणि पावसाळ्यात तीच चिकणमाती फुगून इतकी गच्च होते की हवेवाचून जगणारे जिवाणू नत्राचा वायू करून उडवून देतात. मृदा आरोग्य पत्रिकेवर आमचा सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के आहे. हाच आकडा मातीतल्या खानावळीत शिधा किती आहे ते सांगतो. पत्रिकेवरच्या बारा रकान्यांत जिवांची मोजदाद करणारा एकही रकाना नाही.

म्हणून मातीतले जीव कापूस किती खातात त्यावरून अंदाज घ्यायला मी मांजरपाटाचे (कोऱ्या सुती कापडाचे) चार तुकडे कडा शिवून घेतले आणि जुलैच्या सुरुवातीला वीतभर खोल पुरले. एक पळसाखाली धुऱ्यावर, दुसरा दोन वर्षे शेणखत पडलेल्या पट्ट्यात, एक तिसरी बाटली ओतलेल्या तासांत आणि एक नुसत्या कपाशीत. पोळा झाल्यावर ते उकरले. धुऱ्यावरच्या तुकड्याचा कापूस पूर्ण फस्त झाला होता, शिवणीचा पॉलिएस्टरचा दोरा तेवढा रिकाम्या चौकटीसारखा हाती आला. शेणखताच्या पट्ट्यातला तुकडा चाळणी झाला होता. बाटलीच्या आणि बिनबाटलीच्या तासांतले दोन्ही तुकडे मळले होते, ठिकठिकाणी विरले होते, पण ते शेजारी शेजारी ठेवले तर कोणता कुठला हे मलाच ओळखता आले नसते. बरे, ओळखीसाठी मी तुकड्यांना आधीच गाठी मारून ठेवल्या होत्या.

पुढच्या मृगाला सोयाबीन नव्या तुकड्यात जाणार असेल तर रायझोबियमची बाटली पुन्हा घेईन, पण ती एप्रिल-मे पत्र्याखाली काढलेली नसावी, म्हणून माल कधी आला हे आधी विचारीन आणि घरी आणल्यावर पेरणीपर्यंत ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवीन. स्फुरदाची बाटली घेणार नाही. तिसऱ्या बाटलीचे पैसे शेणखताच्या ट्रॉलीत घालायचे ठरवले आहे, आणि यंदाची पऱ्हाटी पेटवण्याऐवजी गावात कुटी करायचे यंत्र भाड्याने मिळते का, याची चौकशी सुरू आहे.